तुझं मूत्रपिंड आणि माझी चूळ

तीर्थस्वरूप ताईस,

साष्टांग नमस्कार. (टाके आहेत, म्हणून उताणा पडूनच घातला आहे; गोड मानून घे.) तब्येत विचारायला खरं तर चार दारं ओलांडून यायला हवं. पण जंतूंच्या भीतीने माझ्या खोलीचं दार बंद, आणि तुला अंथरुणातून उठवत नाही. एकाच मजल्यावरून एकमेकांना पत्र लिहिणारी भावंडं या इस्पितळाने पाहिली नसतील. तुझं मूत्रपिंड इकडे सुखरूप आहे. हे वाक्य आधी लिहून टाकलं, कारण काल दुपारी ते लिहिता आलं नसतं.

डायलिसिसच्या काळात माझी बायको म्हणजे पाण्यावरची पोलीस चौकी होती, हे तुला माहीत आहेच. दिवसभराचं पाणी एका लहान बाटलीत, आणि बाटली तिच्या ताब्यात. मी नळ सोडला की ती आतल्या खोलीतून खाकरायची. तेव्हा मी एक युक्ती काढली होती. मोठा घोट घ्यायचा, तोंडात घोळवायचा, जीभ-टाळू ओले करायचे आणि चूळ थुंकून टाकायची. तहान फसते, आणि अंगात पाणी साचून वजनही वाढत नाही. पुढे हे इतकं अंगवळणी पडलं की करतोय हेही मला कळेनासं झालं.

ऑपरेशननंतर सगळंच उलटं. नर्सबाई तासातासाला पिशवीतली लघवी मोजणार आणि तेवढं सलाइन सोडणार. (जो विषय आपल्या घरात ‘जाऊन आलो’ एवढ्यावर संपायचा, त्याचे आकडे बायको आता तुझ्या नणंदेला फोनवर सांगते. लाज मी ऑपरेशनआधी कपड्यांबरोबरच काढून ठेवली.) सुरुवातीला तुझं मूत्रपिंड अगदी तुझ्यासारखं वागलं, क्षणभर उसंत नाही. मग सर्जनसाहेब म्हणाले, आता सलाइन कमी करू, तोंडाने प्या, भरपूर प्या.

आणि काल सकाळपासून पिशवी रिकामी राहू लागली. नर्सबाईंनी नळी तपासली, सरळ केली, आणि साहेबांना फोन लावला. सोनोग्राफी झाली. रक्ताचा रिपोर्ट बिघडलेला आला. साहेब बायकोला दाराबाहेर घेऊन गेले, आणि दाराबाहेर नेऊन कुणी अभिनंदन करत नाही. शरीर नवं मूत्रपिंड नाकारत असेल, सुईने तुकडा काढून तपासावा लागेल, असं म्हणाले. ताई, मला धडकी भरली. मी गेलो तर गेलो, पण तुझ्या पोटातून काढून घेतलेली वस्तू आठवड्याच्या आत वाया घालवली, हे तुला कोणत्या तोंडाने सांगायचं? नेमका तेव्हाच तुझा निरोप आला, “माझं सामान नीट चाललंय ना?” बायकोने “एकदम झकास” म्हणून उलट निरोप दिला आणि खिडकीकडे तोंड करून रडली.

रडून झाल्यावर हाताला काहीतरी काम हवं म्हणून तिने उलटीसाठी ठेवलेलं भांडं उचललं. ते काठोकाठ भरलेलं होतं. उलटी तर मला एकदाही झाली नव्हती. तिने भांड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“अहो, पाणी प्यालात की चुळा भरल्यात?”

मला शपथेवर आठवेना. नर्सबाईंनी पेला हातात दिला आणि समोर उभ्या राहिल्या. मी घोट घेतला, घोळवला, आणि मान आपोआप भांड्याकडे वळली.

साहेब हसले नाहीत. (मला वाटलं होतं, हसतील.) सलाइन वाढवा, पाणी पोटात जाऊ द्या, सुई तयार ठेवा, संध्याकाळी बघू, एवढंच म्हणाले. मग जी बाई इतकी वर्षं माझ्या हातातला पेला काढून घेत आली, तीच पेला माझ्या तोंडाला लावून “गिळा! आता आ करून दाखवा!” म्हणत बसली. दूध कधी उतू जातंय हे बघत उभं राहावं, तसे आम्ही त्या पिशवीकडे बघत होतो. दिवे लागायच्या वेळेला धार सुरू झाली. नर्सबाईंनी दोनदा मोजली. सुई परत गेली. बायकोने नर्सबाईंना मिठी मारली, हातातल्या मोजपात्रासकट.

तेव्हा काळजी नसावी. भावजींना नमस्कार.

तुझा धाकटा

ता. क. : पत्राचं खरं कारण आता सांगतो. उठताना टाके ओढतात म्हणून तू स्वतःचं पाणी भावजींना पाजतेस, असं तुझ्याकडच्या नर्सबाईंनी आमच्या नर्सबाईंना सांगितलं. (भावजी बिचारे सारखे ‘जाऊन येतात’.) ताई, तुझ्याकडे आता एकच उरलं आहे. त्याला काही झालं, तर तुला द्यायला माझ्याजवळ धड असं एकच आहे, आणि तेही तुझंच.

ता. क. २ : पत्र घेऊन आलेली माझी बायको अजून तुझ्यासमोर उभी असेल. तिच्या हातात पेला आहे. गिळून झालं की आ करून दाखव.