ढोल्याचा पहारा

४ नोव्हेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

अरे, आला एकदाचा! शेळ्या राखायला कुत्रा आणणार म्हटलं होतं ना, तोच. अजून वर्षाचाही नाही, पण उभा राहिला की पंजे थेट माझ्या खांद्यावर! वासरू म्हणावं तर भुंकतो, कुत्रा म्हणावं तर हाकेला येत नाही. नाव ठेवलंय ढोल्या. ज्या मेंढपाळाकडून आणला तो म्हणाला, याला काही शिकवू नका, नुसतं शेळ्यांत ठेवा, त्या त्याच्या झाल्या की झालं. आता करडं त्याच्या पाठीवर चढून उड्या मारतात आणि हा डुलक्या घेतो. आई मात्र नाक मुरडून आहे. दाराला कडी लावून खिडकीतूनच त्याचा उद्धार चालतो.

तुझी गुणी (माझ्या मते तरी),
धाकटी

१९ नोव्हेंबर

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

आईचा रोज फोन असतो. परवा म्हणाली, तुझ्या बहिणीनं अस्वल पाळलंय. तू दूध घालायला गेलीस की ती एकटी, आणि बाहेर ते धूड. धक्का लागून पडली म्हणजे? लिफ्टच्या खड्ड्यात उतरून वायरी तपासतो, तेव्हाही डोक्यात हेच. ते कुत्रं परत देऊन टाक. नाहीतर महिनाअखेर मी येऊन आईला कायमची इकडे आणतो. तुझ्या वहिनीनं खोलीही आवरून ठेवलीय. शेळ्यांना सांग, मामानं विचारलंय.

हट्ट सोडलास तर फार आवडशील,
दादा

२७ नोव्हेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

घाईत लिहितेय, अक्षर सांभाळून घे.

काल सकाळी शेळ्या एकट्याच धावत परतल्या. ढोल्या नाही, आणि आपली गाभण शेळी बांडीही नाही. वाटलं, पळाला, दादाचंच खरं झालं. शोधत गेले तर ओढ्याच्या कपारीत बांडी व्यायलेली, दोन ओली करडं, आणि त्यांच्यापुढे ढोल्या! कान फाटलेला, मान रक्तानं माखलेली. पलीकडच्या काठावर भटक्या कुत्र्यांची टोळी. मी दगड मारून ती पिटाळली, पण हा इतका पेटलेला की मलाही जवळ येऊ देईना. गुरांच्या डॉक्टरांना बोलावलं, त्यांच्यावरही दात विचकले. करडं गारठत चाललेली. डॉक्टर म्हणाले, रक्त फार गेलंय, भूल दिली तर वाचेलच असं नाही.

तेवढ्यात त्यांच्या गाडीतून कोण उतरावं? आई! कडी लावून बसणारी आपली आई! डॉक्टर वाट विचारायला घरी थांबले, तेव्हा त्यांच्याबरोबर गाडीत बसून आलेली. काठी टेकत सरळ त्याच्यापाशी गेली आणि म्हणाली, बास झालं शहाण्या, सरक आता. आणि तो सरकला रे! तिच्या पायांवर डोकं टाकून आडवा झाला. डॉक्टरांनी टाके घातले, मी करडं ओढणीत गुंडाळली. सगळे वाचले, सगळे!

हे कसं काय, म्हणून विचारलं तर म्हणते, थोरल्याला मीच लिहीन.

आनंदानं वेडी झालेली,
धाकटी

२८ नोव्हेंबर

चि. थोरल्यास,
पोटभर आशीर्वाद.

फोनवर त्याला नावं ठेवली ती पहिल्या आठवड्यात मनापासून. पुढं माघार घ्यायची लाज वाटली. धाकटी दूध घालायला गेली की मीच कडी काढायचे. आधी लांबून तुकडा टाकायचे, मग पायरीवर बसू लागले, मग तो शेजारी येऊन टेकला. तुमचे बाबा गेल्यापासून दुपार अंगावर यायची. आता कधी सरते कळत नाही. त्यानं मला कळपात घेतलंय म्हण ना.

तेव्हा मी तिकडे येत नाही. सूनबाईला घेऊन तूच ये. मात्र फाटकाबाहेर उभा राहून हाक मार, मी येईपर्यंत आत पाऊल टाकू नकोस. हा माझा मुलगा आहे, हे त्याला मलाच सांगावं लागेल.

वाटेकडे डोळे लावून बसलेली,
आई