घोणशीचा फुत्कार

प्रिय निशी,

पाकीट बघून घाबरू नकोस. आई ठणठणीत आहे. अजून राजगुरुनगरला मामाकडेच आहे, मामीच्या पायाचं प्लास्टर निघालं की येईल. घाबरलोय तो मी. सरळ मुद्द्यावर येणं तुझ्या बापाला कधी जमलेलं नाही, तेव्हा आधी रविवारचं वाच.

रविवारी समाधानबरोबर सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात गेलो होतो. समाधान म्हणजे आमच्या चाकणच्या कंपनीतला, ज्यानं आपला जुना कॅमेरा माझ्या गळ्यात मारला तो. दापोडीहून अंधारातच निघालो. गवत सगळं पिवळं पडलंय. चिंकारांचा कळप अगदी जवळ चरत होता आणि मला पहिल्याच झटक्यात नराचा लख्ख फोटो मिळाला. काय खूश झालो होतो सांगू! पण पुढे वनरक्षक चिमाजी मधेच थांबायचे, बोट वर करायचे, ‘तित्तर बोलला’ म्हणायचे. समाधान मान डोलवायचा, म्हणून मीही डोलवायचो. मला काहीसुद्धा ऐकू येत नव्हतं. मागच्या वर्षी याच माळावर तित्तर सगळ्यांच्या आधी मी ओळखायचो. म्हटलं, वारा उलटा असेल.

मग धाविक दिसला. तुरुतुरु पळणारा विटकरी पक्षी, पळतो, थबकतो, पुन्हा पळतो. त्याच्या उंचीवरून फोटो हवा म्हणून मी हे पोट घेऊन जमिनीवर आडवा झालो आणि कोपरांवर सरकत पुढे गेलो. हस खुशाल. डोळा कॅमेऱ्याला, श्वास रोखलेला. इतक्यात कुणीतरी माझे दोन्ही पाय धरले आणि मला खड्यांवरून खसाखसा मागे ओढलं. शिवी अगदी ओठांवर आली होती. वळून पाहतो तर जिथं माझं कोपर होतं तिथून वीतभर अंतरावर, बोरीच्या झुडपाखाली, वेटोळं घालून घोणस बसलेली. चिमाजी पांढरेफटक पडले होते. म्हणाले, ‘सायेब, कुकर लागल्यागत फुसफुसतीय ती, आमाला एवढ्या लांब ऐकू येतंय, आन तुमी हाय तसेच! तुमास्नी ऐकू येत न्हाई व्हय?’

मी म्हणालो, फोटोत गुंग होतो. आणि समाधानला ते पटलं गं! संध्याकाळी त्यानं ग्रुपवर टाकलं, की एकाग्रता शिकावी तर काकांकडून. अंगठ्यांचा नुसता पाऊस पडला. त्यापेक्षा कुणीतरी मला खडसावलं असतं तर बरं झालं असतं.

घरी आल्यावर मुद्दाम कुकर लावला आणि समोर स्टूल टाकून बसलो. शिट्टी उचललेली दिसली, वाफ दिसली. आवाज आला तो शेजारच्या घरातून आल्यासारखा, दबका. मग एकेक गोष्ट आठवत गेली. मला वाटत होतं, हल्ली रेल्वेवाले शिट्टी कमी वाजवतात. आईनं नवा मिक्सर आणला तेव्हा मी त्या कंपनीचं कौतुक केलं होतं, की बघ, आवाज कसा बेताचा आहे. आई माझ्याकडे बघतच राहिली होती. आख्खी नोकरी प्रेस शॉपमध्ये, पत्रा ठोकणाऱ्या यंत्रांच्या दणदणाटात गेली, कानात घालायचे बोळे कंपनी देत होती, ते माझ्या खिशातच राहिले. भीती वाटते निशी. ऐकू येत नाही याची वाटते, आणि ते चारचौघांत कळेल याची तर त्याहून जास्त. डॉक्टरकडे अजून गेलेलो नाही. जाईन.

तुझ्या फोनचं आजवर निभावत होतं ते आईमुळे. ती स्पीकर लावते आणि तुझं प्रत्येक वाक्य मला मोठ्यानं पुन्हा सांगते, तुला वाटतं तिला सवय आहे. पण मंगळवारी तू फोन केलास तेव्हा ती नव्हती. तू बराच वेळ बोललीस. मधेच थांबलीस, पुन्हा बोललीस, आवाज बारीक झाला होता एवढं कळलं. तू गप्प झालीस की मी ‘बरं’ म्हणायचो. शेवटी तू खूप वेळ थांबलीस, तेव्हा मी म्हणालो, ‘तुला पटतंय ना? मग माझं हो आहे.’ फोन ठेवल्यावर तुझा मेसेज आला, ‘बाबा, थँक यू. तुम्ही हो म्हणाल असं वाटलंच नव्हतं.’

तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. मी कशाला हो म्हणालो? नोकरी सोडते आहेस? लग्न ठरवलंस? बंगळूरहूनही लांब कुठे निघालीस? आईला विचारावं, तर तीच मला मेसेजवर विचारते, पोरगी काय म्हणाली. मी तिला सांगितलं, मजेत आहे. मेसेजवर तुला हे लिहिलं असतं तर तू लगेच फोन केला असतास, आणि मी पुन्हा ‘बरं, बरं’ करत बसलो असतो. म्हणून हे पत्र. फोन करू नकोस. जे विचारलंस ते सगळं लिहून पाठव, मला सोसेल का याचा विचार न करता. कदाचित वाचूनही मी हो म्हणेन. पण तोवर मंगळवारचं हो धरून चालू नकोस, बाळा. ते मी तुला दिलेलंच नव्हतं. फोन लवकर संपावा म्हणून म्हटलं होतं.

तुझाच,
बाबा