माळ्यावरचं पिंप

मंगळवार, ४ ऑगस्ट

ती. दादास,

नमस्कार. वाकून केला आहे असं समज. खरोखर वाकले तर सरळ करायला कुणी नाही, कारण तुझे मेहुणे सकाळपासून टाक्या धुताहेत आणि त्यांची कंबर माझ्याहून वाईट आहे. बाकी इकडे सर्व ठीक. तिकडेही ठीक असावं. सदा पाऊस पडणाऱ्या गावात छत्र्यांच्या दुकानात असलेला माणूस ठीक नसेल तर कोण असेल? इथे गेल्या वर्षी पाऊस आला तेव्हा मी आंघोळीला गेले होते. डोकं पुसून बाहेर येईपर्यंत त्यानं उरकलंही होतं. यंदा तेवढाही नाही. वेली मात्र खूश आहेत. गुडघ्याएवढ्या बुटक्या, वाकड्यातिकड्या, खाली तापलेले दगड, वर तापलेलं आभाळ, आणि मध्ये घड कसे काळेकुट्ट भरलेत! तोडणीला अजून तीन आठवडे आहेत.

हे सगळं मी उगाच लिहितेय. एकदम सांगायचा धीर होईना म्हणून आधी साधी वाक्यं लिहून घेतली. आता बातमी. उभा असशील तर बस.

तुझं पिंप सापडलं.

तेच. सात वर्षांपूर्वीचं, शंभर लिटरचं. ज्याची द्राक्षं तू सगळ्यांची तोडणी उरकल्यावरही तीन आठवडे वेलीवर तशीच ठेवलीस, त्यांच्या मनुका व्हायला आल्या तरी हलला नाहीस, आणि ज्यावरून वडील गेल्यानंतर आपण दोघं वर्षभर भांडलो. ज्यावर चाखणी समितीनं ‘नापसंत’चा शिक्का मारला आणि तू आठवड्याच्या आत बॅग भरलीस. ते.

झालं असं, की गोदामाचे पत्रे बदलायला काढले. माळ्यावरची जुनी पिंपं फोडून लाकूड वेगळं करू, म्हणून पिंपवाल्याला बोलावलं. तोच आपला, ज्याला पिंपांशी बोलता येतं, माणसांशी नाही. तो एकेका पिंपावर टकटक करत कोपऱ्यात गेला आणि थांबला.

“ताई, यात कोणीतरी आहे.”

“कोणीतरी म्हणजे?”

“माल आहे. अर्ध्याला टेकलेला.”

“पाल पडून मेली असेल.”

“पाल एवढी डुचमळत नाही,” तो म्हणाला, आणि बूच काढलं.

दादा, पत्र्याखालचा माळा म्हणजे उन्हाळ्यात तवा असतो. तिथे सात उन्हाळे, वरून थेंबभर भर न घातलेली, अर्ध्या पिंपात हवा खेळत असलेली वाइन म्हणजे नुसतं व्हिनेगर व्हायला हवं, हे आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल. मी नाक मुरडायच्या तयारीनंच वाकले, आणि तशीच राहिले. भाजलेला अक्रोड. संत्र्याची वाळलेली साल. करपायच्या एक क्षण आधी उतरवलेली साखर. तुझी ती शाईसारखी काळी वाइन आता जुन्या पितळेच्या रंगाची झाली आहे. तोंडात घेतली की आधी गोड वाटते, मग लक्षात येतं की गोड नाहीच, ठणठणीत कोरडी आहे, आणि शेवटी जिभेच्या कडेला मिठाची रेघ. गिळल्यावर मी पत्रेवाल्यांचा चहा केला, कप विसळले, एकाशी हुज्जत घातली, तरी ती तोंडात होतीच!

पिंपवाला एक घोट घेऊन तिथेच खाली बसला. “याचं लाकूड मी फोडणार नाही,” म्हणाला. तुझे मेहुणे म्हणाले, “मला दुसऱ्यांदा चाखायला हवी, पहिल्यांदा लक्ष नव्हतं.” मग तिसऱ्यांदाही त्यांचं लक्ष नव्हतं.

ते पिंप माळ्यावर कसं गेलं हा वेगळा विषय आहे. पुन्हा कधीतरी.

आता अडचण. पिंपवाला माणसांशी बोलत नाही असं वर लिहिलं, ते चूक. न्हाव्याशी बोलतो. तिसऱ्या दिवशी समितीचा निरीक्षक दारात उभा! बुचावर लाखेचं सील ठोकून गेला. नोंद नसलेली वाइन. २८ तारखेच्या बैठकीपर्यंत करणाऱ्याच्या सहीनं अर्ज आला तर पुन्हा चाखतील, नाहीतर त्याच दिवशी निरीक्षकाच्या डोळ्यांसमोर मोरीत. करणारा म्हणजे तू. अर्ज सोबत आहे. फुली मारली आहे तिथे सही करून उलट टपाली पाठव. वाचत बसू नकोस, नुसती सही कर.

तुझी,
नाकू
(वडिलांनी ठेवलेलं नाव तू विसरला असशील तर: तुझी धाकटी बहीण)


शुक्रवार, १४ ऑगस्ट

दादा,

नमस्कार वगैरे मागच्या पत्रातला चालवून घे.

तुझं कार्ड मिळालं. अर्ज मिळाला नाही. कार्डाच्या पुढे छत्रीचं चित्र आणि मागे एक ओळ: ‘पिंप ओतलं असं तू कळवलं होतंस, खोटं तेव्हा होतं की आता आहे?’ सात वर्षं नुसत्या सह्या करून कार्डं पाठवलीस, आणि पहिली अख्खी ओळ लिहिलीस ती अशी वकिली!

तेव्हा होतं.

नापसंत वाइन आठ दिवसांत ओतायची, हा नियम तुला ठाऊक आहे. तू गेलास त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पिंप गडगडवत मोरीपर्यंत नेलं. बूच काढलं. मग बूच परत ठोकलं आणि तुझ्या मेहुण्यांना हाक मारली. दोघांनी कप्पीला दोर लावून पिंप माळ्यावर चढवलं, वर पोती टाकली, आणि मोरीत टाकीतला गाळ ओतून ठेवला. निरीक्षक आला, मोरीचा वास घेतला, समाधानानं मान हलवली आणि सही करून गेला. सरकारी नाकाला तेवढं पुरतं. तुझे मेहुणे सात वर्षं याबद्दल अवाक्षर बोलले नाहीत. ह्यांच्या पोटात काही राहत नाही असं मी लग्नापासून चारचौघांत सांगत आले. ते वाक्य मी परत घेते.

का ओतली नाही? वजन पेलवेना. घरात तुझं काहीतरी राहावं असं वाटलं. उकडत होतं. यातलं पटेल ते कारण घे.

पण ऐक ना, ती वाचली कशी हे तुला कळलं पाहिजे! मी चार दिवस डोकं खाजवलं. आपल्या कोरड्या हवेत लाकडातून आधी पाणी उडतं, मद्य मागे राहतं. पिंपातली पातळी खाली गेली तसा तिचा जोर वाढत गेला. पण मुळात जोर होता म्हणून ना! तू द्राक्षं तीन आठवडे जास्त तापवलीस, त्यांच्यात साखर ठासून भरली, तिचं मद्य झालं, म्हणून तर वाइन हवेला पुरून उरली. मी वेळेवर तोडलेल्या द्राक्षांची, शिस्तीची वाइन त्या माळ्यावर ठेवली असती तर पहिल्या उन्हाळ्यातच लोणच्याला घालण्याच्या लायकीची झाली असती. म्हणजे मी ज्याला तुझा हट्ट म्हणत होते त्यानंच तिला जगवलं. हे वाक्य लिहायला मला दोन कागद फाडावे लागले, तेव्हा जपून ठेव.

एक किरकोळ बाब. अध्यक्ष म्हणतात, एकदा नापसंत झालेली वाइन पुन्हा टेबलावर आणायची तर त्या वेळच्या पाच चाखणाऱ्यांपैकी एकानं लेखी द्यावं लागतं की निकाल चुकला होता. पाचांपैकी दोघं वारले. एक मुलीकडे समुद्रापलीकडे. एकाला आताशा स्वतःच्या घराचा दरवाजा आठवत नाही. राहिले मी.

तू म्हणशील, पण तू तर मत दिलंच नव्हतंस. समितीत चाखणाऱ्यांच्या मध्ये लाकडी पडदे असतात, आणि समोर आलेली वाइन आपल्या घरची आहे असं ओळखलं की ग्लास उलटा ठेवून गप्प बसायचं. तूच त्या संध्याकाळी विचारलं होतंस, “उलटा ठेवलास ना?” आणि मी म्हटलं होतं, “म्हणजे काय!”

ते मी बघते. तू सही कर. चौदा दिवस उरलेत.

नाकू


बुधवार, १९ ऑगस्ट

दादा,

काल मला समितीतून काढून टाकलं! एवढ्या आनंदानं ही बातमी कुणी देत नाही, पण मी सकाळपासून गुणगुणतेय, आणि तुझे मेहुणे स्वयंपाकघराच्या दारातून पुन्हा पुन्हा डोकावून जाताहेत.

कार्यालयात गेले तर अध्यक्ष पंख्याखाली कागदांवर दगड ठेवत बसले होते. मी लेखी जबाब पुढे केला. त्यांनी चष्मा लावला, वाचला, चष्मा काढून पुसला, परत वाचला.

“ताई, हे तुम्हीच लिहिलंय?”

“अक्षर वाईट आहे म्हणजे माझंच.”

“हे दिलंत तर तुमची खुर्ची जाईल. अठरा वर्षांची.”

“खुर्चीचा एक पाय तसाही डुगडुगतो.”

“थट्टा नाही, ताई.”

“मीही करत नाहीये,” मी म्हटलं, आणि जबाब आणखी पुढे सरकवला.

ग्लास मी उलटा ठेवला नव्हता. पहिल्याच वासाला ओळखलं की ही तुझी आहे. चूक झाली, गोंधळ झाला, सर्दी होती, असं काही नाही. नाक अगदी स्वच्छ होतं. आणि वाइन वाईट नव्हती रे. वाईट असती तर मी ग्लास निमूट उलटा ठेवला असता. ती इतकी चांगली होती की मला पडद्याआड घाम फुटला. वडील गेल्यापासून हिशोब मी बघायचे, छाटणी मी बघायचे, मजुरांची भांडणं मी सोडवायचे, आणि तू एका कोपऱ्यातल्या वेलींवर तीन आठवडे हातावर हात ठेवून बसलास आणि हे करून ठेवलंस! ती पसंत झाली असती तर पुढच्या वर्षीपासून सगळी बाग तुझ्या पद्धतीनं चालली असती, आणि मी जन्मभर तुझे हिशोब लिहिले असते. म्हणून चिठ्ठीवर ‘नापसंत’ लिहिलं.

सात वर्षं मी मनाला एक गोष्ट सांगून झोपत होते: बाकीच्या चौघांनीही नापसंतच केली असणार, माझ्या एका चिठ्ठीनं काय होतंय. काल अध्यक्षांनी कपाटातून जुना लखोटा काढला आणि चिठ्ठ्या टेबलावर मांडल्या. पसंत. नापसंत. नापसंत. पसंत. दोन-दोन झाली तर वाइन पसंत धरतात, हे तुला मी सांगायला नको. पाचवी चिठ्ठी माझी: ‘अति पिकलेली, जड, भाजकी. टिकणार नाही.’

टिकणार नाही! अध्यक्षांनी ते मोठ्यानं वाचलं. मी पर्समधून खोकल्याच्या औषधाची एक बाटली काढून त्यांच्यापुढे ठेवली. सील लागायच्या आधी मी ती भरून घेतली होती, तेवढीच चोरी.

“बैठकीआधी मला चाखता येत नाही,” ते म्हणाले.

“कोण म्हणतंय चाखा?”

त्यांनी बूच काढून बाटली नाकाशी धरली. पंखा फिरत होता, कागद फडफडत होते, तरी यांचं चित्त बाटलीत. शेवटी मीच म्हटलं, “अध्यक्ष, वास घ्यायलाही बंदी आहे ना?”

“मी वास घेत नाहीये, मी विचार करतोय,” ते म्हणाले, आणि आणखी बराच वेळ विचार केला. मग माझ्या जबाबावर शिक्का मारला, माझं नाव यादीतून लाल शाईनं खोडलं आणि म्हणाले, “अर्ज आला तर पुढच्या शुक्रवारी, २८ ला, चाखू. पण सही करणाऱ्याचीच हवी. त्याबाबत मी काही करू शकत नाही.”

तर आता फक्त तुझी सही. खरं सांगायचं तर तुझी सही मला हुबेहूब येते. दरवर्षीची कार्डं समोर आहेतच. काल घरी येऊन अर्जाची दुसरी प्रत काढली, पेन उचललं, आणि खाली ठेवलं. तुझ्या नावावर एक निकाल मी परस्पर देऊन बसले आहे, तेवढा पुरे.

ही कोरी प्रत सोबत आहे, आणि कापसात गुंडाळून ती औषधाची बाटलीही. माफ कर असं मी लिहीत नाही. लिहिलं तर तू सही करशील ती माझ्यावर दया म्हणून, आणि त्या वाइनला कुणाच्या दयेची गरज नाही. आधी बाटली उघड. दुकान बंद झाल्यावर, तो ओल्या छत्र्यांचा वास गेल्यावर, एकटा बसून सावकाश चाख. तुला पटली तर सही कर. नाही पटली, किंवा वाइन पटली आणि बहीण नाही पटली, तर अर्ज कोरा राहू दे. २८ ला निरीक्षकासमोर मी स्वतः बूच काढीन, आणि यावेळी मोरीत गाळ नसेल. तो निकालही मी मानेन.

तोडणी पुढच्या आठवड्यात सुरू होतेय. कोपऱ्यातल्या तुझ्या वेलींना हात लावू नका, असं मजुरांना सांगून ठेवलंय. तीन आठवडे उशिरा तोडायच्या म्हणजे नक्की कुठल्या दिवशी, हे मला कळत नाही. खरंच कळत नाही. कुणी दाखवलं तर शिकेन.

सात वर्षं उशिरा, पण खरं मत देणारी,

तुझी बहीण