अण्णांनी कॉम्प्युटरला दिलेला विसावा

सांगली, खंडेनवमी, संध्याकाळ

आज अण्णांवर ओरडले. नको होतं ओरडायला.

सकाळी कॉम्प्युटर अपडेट होत होता, तेवढ्यात गावाकडून आलेल्या अण्णांनी बोर्डावरचं बटणच बंद केलं. मग पडद्याच्या कडेला हळदीकुंकवाचं बोट लावलं, वर झेंडूचं फूल ठेवलं. पूजेनंतर चालू केला, तर नुसता निळा पडदा. परवा छापखान्यात द्यायचं पुस्तक आतच अडकलेलं.

"आवं अण्णा, मधेच का बंद केलात?"

"आज हत्याराला विसावा देत्यात. गावात कुळवबी धुऊन ठिवलाय."

पेनड्राइव्ह लावून कॉम्प्युटर अपडेटच्या आधी होता तसा करायला चार तास गेले. अण्णा शेजारीच बसून होते, जेवलेही नाहीत. शेवटी पुस्तक दिसलं तेव्हा हळूच म्हणाले, "कवाबी बघावं तर तू ह्याच्याम्होरं. म्हनलं, ह्यो निजला तर तूबी जरा पडशील."

म्हणजे माझ्यासाठी. आणि मी ओरडले.

दहा पानं तपासायची राहिलीत. राहू देत. मघाशी कॉम्प्युटर मीच बंद केला. हळदीचं बोट पुसायला फडकं घेतलं होतं, ते तसंच खाली ठेवलं. आता एवढं लिहून अण्णांशेजारी चटई टाकते.