आईच्या खोलीतल्या पिसवा

दादा,

मी कामावर जातेय. ठमीच्या मानेमागे पिसवांचं औषध लावलंय, तिथं तिची जीभ पोचत नाही. आज तिला कुरवाळू नकोस. सोफ्याखालचा केर काढलास की लगेच बाहेर टाक, नाहीतर मेल्या पुन्हा घरभर होतील.

आई गेल्यापासून तिची खोली तू बंदच ठेवलीस, कुणाला आवरू दिली नाहीस. पण ठमी मांजरच ती, खिडकीतून जाऊन तिथंच झोपायची. सगळ्या पिसवा आईच्या अंथरुणात होत्या. काल तू नसताना मी चादर, शाल, उशीचा अभ्रा, सगळं कढत पाण्यातून काढलं. रागवायचं तर संध्याकाळी रागव, मी ऐकून घेईन.

वाळल्यावर अंथरूण होतं तसं घातलं. ठमी वर चढली, उशी हुंगली आणि उतरून निघून गेली.

आता ती खोली उघडी ठेवली तरी चालेल.