गाठ सुटेपर्यंत

२६ जुलै २०२५

पट्टी काढली. दिसतंय! धूसर, पण दिसतंय. डॉक्टर मॅडमचा चष्मा दिसला, नवऱ्याचं, श्रेणिकचं, घाबरलेलं तोंड दिसलं. काचबिंदूने डावा डोळा दोन वर्षांपूर्वीच नेला. आता जे काही आहे ते या उजव्यातच.

आत बारीक नळी बसवली आहे, साठलेलं पाणी तिच्यातून निघून जायला. पण लगेच नाही! नळी दोऱ्याने बांधून ठेवलीय. एकदम उघडली तर डोळाच बसेल म्हणे. दोरा आपोआप विरघळणार, पाच-सहा आठवड्यांनी. मॅडम म्हणाल्या, "तोवर औषधाच्या थेंबांवरच डोळा आहे तुमचा. एक दिवसही चुकवू नका."

९ ऑगस्ट

डोळ्यातला दाब सव्वीस, हवा वीसच्या आत. गाठ तशीच.

१७ ऑगस्ट

अठ्ठावीस. "वाट बघा." वाट बघायची म्हणजे काय करायचं? कॅलेंडरवरचे आकडे अजून वाचता येतात का ते दिवसातून दहादा तपासते. श्रेणिक दुकानातून फोन करतो – "दिसून राह्यलं ना बराबर?" हो रे बाबा, दिसतंय!

बुधवारपासून पर्युषण. मी अठाई करणार. आठ दिवस फक्त उकळलेलं पाणी, तेही दिवसा. सासूबाई म्हणाल्या, "यंदा राहू दे, मोना." त्या स्वतः दरवर्षी करतात! डॉक्टरांचं करून झालं, आता माझं मी करणार. या तपानेच गाठ सुटेल. सुटायलाच हवी.

२० ऑगस्ट

पहिला उपवास. सकाळचा थेंब घातला आणि दोन मिनिटांत घसा कडू! रोजच उतरत असणार, लक्ष आजच गेलं. म्हणजे उपवास मोडला? स्थानकात चातुर्मासाला साध्वी आहेत, त्या महासतीजींना जाऊन विचारावं? पण त्या म्हणाल्या की औषध चालू असताना तप करू नकोस, तर?

नाही विचारलं.

२१ ऑगस्ट

रितिका मोबाइलवर गजर लावते, बाटली हातात आणून देते. मी न्हाणीघरात जाते. थेंब बेसिनमध्ये सोडते. डोळा पुसत बाहेर येते.

"घातलं?"

"घातलं."

सोळा वर्षांच्या पोरीशी खोटं. पण आठच दिवस!

२५ ऑगस्ट

डोळा ठणकतोय. दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात. अशक्तपणा असेल.

२७ ऑगस्ट

संवत्सरी. घरातल्या प्रत्येकाला हात जोडून मिच्छामि दुक्कडम म्हटलं, वर्षभरात काही चुकलं असेल तर माफ करा. रितिकालाही म्हटलं. कशाबद्दल, ते नाही सांगितलं. डोक्यात घण पडताहेत.

२९ ऑगस्ट

काल पारण्याचं मुगाचं पाणीही पोटात ठरलं नाही. उलट्या. श्रेणिकने गाडी काढली, तडक संभाजीनगर. दाब अठ्ठेचाळीस! सलाइनमधून औषध, धावपळ.

मॅडमनी माझ्याकडे बघत विचारलं, "थेंब नियमित चालू होते ना?"

माझ्याआधी रितिका बोलली. "मी स्वतः देत होते मॅडम. एकदा पण चुकलं न्हाई."

आणि मी मान हलवली. हो म्हणून मान हलवली मी!

मग सिस्टरने थेंब घातला आणि नाकाजवळचा डोळ्याचा कोपरा बोटाने दाबून धरला. घशात काही आलं नाही. कडू नाही, काही नाही. दोन मिनिटं बोट धरायचं होतं फक्त! कदाचित पहिल्या दिवशी सांगितलंही असेल. मी ऐकलं नसेल.

३ सप्टेंबर

आज विचारलं महासतीजींना, एका ओळखीच्या बाईंसाठी म्हणून. "डोळ्यात औषध घालायला कसली हरकत? त्यांनी आधी विचारायचं ना."

घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडले. डॉक्टर म्हणाल्यात रडू नका.

७ सप्टेंबर

गाठ सुटली. दाब बारा! नळीने तिचं काम चोख केलं.

दिसतं मात्र फक्त मधलं, बशीएवढं. बाजूला काही नाही. मधलंही मळकट. "नसेचं जे गेलं ते परत येत नाही," मॅडम म्हणाल्या.

श्रेणिक भडकलाय. "नळीच बराबर बसवली न्हाई त्या बाईनं! वकिलाकडं जाऊन आल्तो मी. सोडणार न्हाई तिला." रितिका कोपऱ्यात मुसमुसत होती. "मम्मी, माझा एखादा गजर राह्यला का गं?"

बोलणारच होते. तोंड उघडलंही. म्हटलं, "चहा टाकते."

लाज वाटते स्वतःची.

१२ सप्टेंबर

अक्षर रितिकाचं आहे. सांगतेय मी. तोंडाने जमेना म्हणून सकाळी वही तिच्या हातात दिली. तिने सगळं वाचलं. मग म्हणाली, "आजचं मी लिहू?"

श्रेणिक वकिलाकडे कागदांवर सही करायला निघालाय. जिन्यावर पावलं वाजताहेत. रितिका, पेन ठेव. पप्पांना थांबव.