अंग

बारामती, ८ डिसेंबर २०२४

ती. आईस,
सा. न. वि. वि.
दूधगाडीवाल्या दादासोंनी डबा आणि त्यातली चिठ्ठी दिली. 'अंग येतंय' एवढंच लिहिलंस. थंडीनं अंग मोडून येत असेल. गर्भपिशवीचं ऑपरेशन होऊन तीन वर्षं झाली, एवढा अशक्तपणा राहायला नको. गोळ्या पाठवतेय, जेवणानंतर घे. रविराजदादाच्या फोनवर तू मोकळं बोलत नाहीस, तर असंच लिही.
तुझी, सुकन्या

कळस, १० डिसेंबर

चि. सुकन्यास अ. उ. आ.
गोळ्या पावल्या. बाई, तू लॅबमदी मातीचं पोट तपासती अन् आईचं लिवलेलं उमगंना व्हय? अंग म्हंजी हातपाय न्हवं, खालचं अंग. सकाळी बोराएवढं आसतं, उसाच्या वाढ्याचा भारा उचलला की लिंबाएवढं भाईर येतं. लघवी अडती, बोटानं वर सारलं की हुती. शेजारची भागूबाई म्हणती, पिशवी काढलेलीचं अंग येतच न्हाय, ही गाठ आसंल. तवापासून फडकं घट बांधती, पानी कमी पिती. आतलं समदं सांडंल आसं वाटतं. रविराज फोन स्पीकरवर लावतो, म्हणून लिवती. वाचून जाळ. तुज्यावर जीव हाय.
सारजा

बारामती, ११ डिसेंबर

ती. आईस,
सा. न. वि. वि.
पत्र जाळलं नाही, डॉक्टरबाईंना दाखवलं. भागूबाई चुकतात. पिशवी काढल्यावरही आतला आधार सैल पडून योनीचा माथा खाली उतरू शकतो. त्या म्हणाल्या, बहुधा तेच असावं. त्यावर उपाय आहे. पण तपासल्याशिवाय 'गाठ नाही' असं त्या म्हणत नाहीत, म्हणून मीही लिहीत नाही.

फडकं सोड. पाणी पी. भारा उचलू नको. लघवी अजिबातच होईना, तर स्पीकरवर का होईना, मला फोन कर आणि नुसतं 'अंग' म्हण. आता मला कळतं. प्रयोगशाळेत प्रत्येक माप मी दोनदा घेते. तुझे दोन शब्द एकदाच वाचले.

उद्या पहिल्या एसटीनं येते. तिथून दोघी बारामतीला जाऊ. वेळ घेतली आहे. रविराजदादानं विचारलं तर सांग, सुकन्याला दवाखान्यात जायचंय, एकटीला भीती वाटते, सोबत हवी.

ते खोटं नाही.

माया आहे तशीच राहू दे.
तुझी, सुकन्या